साधी लचक

विक्रांत सरनाईक या माणसाला मी वीस वर्षं ओळखते, आणि एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून कुणाबद्दल वाकडा शब्द ऐकलेला नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. असल्या माणसांचा मला संताप येतो. ज्यांना चार शब्द सुनवायला हवेत, त्यांचं फावतं ते यांच्यामुळेच. माझं तसं नाही. प्रमोदिनीच्या मनात आलं की ते जिभेवर आलंच, हे आमच्या दिल्लीच्या मंत्रालयात शिपायापासून सहसचिवापर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

लक्ष्मीबाई नगरच्या जुन्या सरकारी क्वार्टर्समध्ये विक्रांत आणि नीला आमच्या खालच्या घरात राहायला आले, तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. मी गॅलरीतून सामान उतरताना पाहत होते. सहा फुटी दांडगा गडी, पण दारातल्या तीन पायऱ्या म्हाताऱ्यासारखा कठडा धरून चढत होता. दुसऱ्या दिवशी नीला विरजण मागायला वर आली, तेव्हा मी सरळ विचारलं. "फुटबॉल खेळायचे ना," ती म्हणाली. "गुडघा गेला." तिच्या आवाजात दुःख वगैरे नव्हतं. दुधाचा पाऊच फुटला म्हणावं, तसं ती म्हणाली.

दिल्लीत फुटबॉलवाल्याला कुत्रं विचारत नाही. इथं क्रिकेटच्या राखीव खेळाडूलासुद्धा पानवाला फुकट पान देतो, पण फुटबॉल म्हटलं की लोक "अच्छा, अच्छा" करतात आणि विषय बदलतात. विक्रांत मात्र कोल्हापूरचा. तिथं प्रत्येक पेठेतल्या तालमीचा आपला संघ असतो, आणि मॅच असली की अर्धं गाव शाहू स्टेडियमवर जाऊन बसतं. विक्रांत सतराव्या वर्षी तालमीकडून स्टॉपर म्हणून खेळायला लागला, म्हणजे आपल्या गोलपुढं भिंत होऊन उभं राहायचं आणि येईल त्याला अडवायचं. समोरचे फॉरवर्ड त्याला बघून दुसऱ्या बाजूनं चाल करायचे, असं तो सांगतो, आणि तो बढाया मारत नाही. "आमच्याकडं गुडघा सुजला की निम्मी पेठ बघायला येते वहिनी," तो एकदा मला म्हणाला. "एक म्हणतो हळद लावा, दुसरा म्हणतो पोराला घरात कोंडा. खेळायचं की नाही यावर कट्ट्यावर भांडणं होतात." मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, ती पेठ बरी होती.

तिथून तो गोव्याच्या एका क्लबात पगारी खेळाडू म्हणून गेला. ते त्याचं पोटापाण्याचं काम होतं, हौस नव्हे. दोन मोसम गोव्यात काढले, एक मुंबईत, आणि मग त्याला बाळ देवस्थळी भेटले.

हे बाळदादा पुण्याचे. केंद्राच्या एका खात्यात अधिकारी आणि खात्याच्या फुटबॉल संघाचे कॅप्टन. वय पस्तिशीच्या पुढं, कधीच बाहेर बसायला हवं होतं, पण कॅप्टनला बाहेर कोण बसवणार? मुंबईतल्या एका स्पर्धेत त्यांनी विक्रांतला पाहिलं आणि दिल्लीला घेऊन आले, करारावर. राहायला जागा नव्हती म्हणून सरोजिनी नगरच्या आपल्या घरीच ठेवून घेतलं. कोल्हापूरच्या पोराला पोळीनं पोट भरल्यासारखं वाटत नाही, म्हणून बाळदादांची बायको भाकरी थापायला शिकली. पुढं विक्रांतचं लग्न जमवलं तेही बाळदादांनी, नीला त्यांच्याच नात्यातली. मांडवात थोरला भाऊ म्हणून तेच उभे होते. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे, कारण तो माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती.

त्यांच्या संघात एक पद्धत होती. खेळाडूला लागलं की डॉक्टर तपासायचा, पण जे काय असेल ते खेळाडूला नाही, कॅप्टनला सांगायचा. बाहेर कॉरिडॉरमध्ये दोघं बोलायचे आणि मग कॅप्टन आत येऊन खेळाडूला सांगायचा. पद्धत बाळदादांनीच पाडली होती. त्यांचं म्हणणं असं, की खेळाडू खोटं बोलतात. ज्याला खेळायचं असतं तो तुटलेल्या पायाला काही होत नाही म्हणतो, आणि ज्याला टाळायचं असतं तो नखाला धरून बसतो. म्हणून ऐकायचं एकानं आणि ठरवायचंही त्यानंच. कुणालाही यात वावगं वाटलं नाही. आपल्या घरांमध्ये तरी काय वेगळं असतं? पेशंट आत पडलेला असतो आणि डॉक्टर बाहेर थोरल्या मुलाशी बोलत असतात.

दोन हजार तीन साली खात्यांच्या मोठ्या स्पर्धेत यांचा संघ सेमीफायनल जिंकला, आणि त्याच मॅचमध्ये विक्रांतचा उजवा गुडघा आतल्या आत फिरला. कलकत्त्याच्या एका मोठ्या क्लबानं पुढच्या मोसमासाठी त्याला बोलावलं होतं. पंचवीस वर्षांच्या स्टॉपरला याहून मोठं काय मिळणार? त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की गुडघा बरा आहे की नाही. डॉक्टर आणि बाळदादा बाहेर गेले. बाळदादा हसत आत आले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "साधी लचक आहे रे विक्या. एक इंजेक्शन घेऊ आणि फायनलला उभा राहा."

तो उभा राहिला. शेवटची दहा मिनिटं एका पायावर खेळला. फायनल जिंकली, साहेब लोक खूश झाले, आणि करारावरच्या पोरांना खात्यानं नोकरीत कायम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रांतला पाय जमिनीला टेकवता येईना. ऑपरेशन झालं, पण गुडघा पुन्हा काही खेळण्याजोगा झाला नाही. कलकत्त्याहून निरोप आला, की आता नको.

आम्ही सरकारी माणसं साठीला निवृत्त होतो आणि मग दिवस कसा घालवायचा म्हणून रडत बसतो. हा पंचविशीत निवृत्त झाला. आवक-जावक विभागात टेबल मिळालं. पहिल्या वर्षी लोक हात मिळवायला यायचे, मग तेही थांबले. खात्याच्या स्पर्धा असल्या की त्याला बोलावणं यायचं, ते रेषेवर झेंडी घेऊन उभं राहायला. तो जायचा. इस्त्रीचा शर्ट घालून जायचा. "वहिनी, वास येतो ना गवताचा," म्हणायचा.

आणि गुडघ्याबद्दल काय म्हणायचा? माझं नशीब. फायनलमध्ये मीच जोर लावला, त्यात तुटला. रविवारी आमच्याकडं पोहे खायला आला की ती शेवटची दहा मिनिटं हमखास सांगायचा. त्याची लेक मैत्रेयी मांडीवर बसून डोळे विस्फारून ऐकायची. गोष्ट नेहमी एकाच वाक्यावर संपायची, की बाळदादा नसते तर मी आज कोल्हापुरात भेळेची गाडी लावून उभा असतो.

पुढं आमची क्वार्टर्स पाडली. आम्ही सरोजिनी नगरच्या नव्या टॉवरमध्ये गेलो, सरनाईकांनी फरीदाबादला फ्लॅट घेतला. बाळदादा निवृत्त झाले आणि त्यांनी मुलींचा फुटबॉल क्लब काढला. मैत्रेयी त्यात गेली नसती तरच नवल. पोरगी बापासारखी उंच, पण मिडफिल्डला खेळते, आणि बापापेक्षा दसपट बोलते. तिला पहिल्या दिवशी क्लबात सोडायला आम्ही सगळेच गेलो होतो. विक्रांत तिला म्हणाला, "बाळकाका सांगतील ते ऐकायचं. उलट विचारायचं नाही." हे त्यानं माझ्यासमोर सांगितलंय.

या फेब्रुवारीत सरावात मैत्रेयी पडली आणि तिचा गुडघा सुजला. संसदेचं अधिवेशन सुरू होतं, आमच्या सगळ्यांच्या रजा बंद. बाळदादाच तिला डॉक्टरकडं घेऊन गेले आणि त्यांनी विक्रांतला फोन केला. विक्रांतनं मला मेट्रोतून फोन करून सांगितलं, किती खुशीत होता! "साधी लचक आहे वहिनी. रविवारी खेळेल." त्या रविवारच्या मॅचला दिल्लीच्या ज्युनियर संघाची निवड करणारे येणार होते. पोरीचं वर्षभराचं स्वप्न त्यावर टांगलेलं होतं, आणि बापाचं किती वर्षांचं, ते त्यालाच ठाऊक.

आदल्याच दिवशी, शनिवारी, आमच्या महाराष्ट्र मंडळात बाळदादांचा सत्कार होता. मी मंडळाची कार्यवाह, त्यामुळं शाल, श्रीफळ, हार, सगळं माझ्या गळ्यात. सत्कार झाला आणि बाळदादांच्या हाती माईक आला. वयस्कर माणसाच्या हाती माईक आला की तो काढून घ्यायला वेगळी कमिटी नेमावी लागते. पुण्यातलं बालपण झालं, पहिला बूट झाला, आणि मग ते म्हणाले, "आता एक गंमत सांगतो. इतकी वर्षं पोटात ठेवली होती."

ती गंमत अशी. सेमीफायनलनंतर कॉरिडॉरमध्ये डॉक्टर त्यांना म्हणाले होते, "देवस्थळी साब, इसका लिगामेंट गया. फायनल खिलाओगे तो ये लड़का दोबारा नहीं खेलेगा."

"मी विचार केला," बाळदादा म्हणाले, "हा बाहेर बसला तर कप गेला. कप गेला तर टीम बंद. टीम बंद तर या सगळ्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या. मी आत जाऊन याला सांगितलं, साधी लचक आहे! आणि हा पठ्ठ्या पूर्ण नव्वद मिनिटं खेळला! असे शेर होते आमच्याकडे. विक्या, उभा राहा रे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माना वळल्या. विक्रांत खुर्चीला धरून उभा राहिला, त्यानं चारी बाजूंना नमस्कार केला आणि बसला. लोकांना वाटलं, भारावलाय. मी स्टेजवर दुसऱ्या सत्कारमूर्तीचा नारळ हातात घेऊन उभी होते. तो मी बाळदादांच्या टाळक्यात कसा घातला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

जेवणाच्या हॉलमध्ये विक्रांत ताट न घेताच त्यांच्यापाशी गेला. मी मागोमाग गेले. नीला आणि मैत्रेयी तिथंच पुऱ्या घेत होत्या.

"दादा, डॉक्टर खरंच असं म्हणाले होते?"

"अरे, त्याचं काय आता! जमाना झाला."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू उतरला असतास?"

"उतरलो असतो," विक्रांत म्हणाला. "तुमच्यासाठी उतरलोच असतो. पण माझा पाय होता, दादा. मला विचारायचं होतं."

बाळदादांच्या मिशीला श्रीखंड लागलं होतं. ते खरोखरच गोंधळले होते, सोंग नव्हतं ते. "म्हणजे खेळला असतासच ना? मग फरक काय पडला, यार?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात नीला मध्ये पडली. "अहो, जाऊ द्या ना. त्या मॅचमुळंच परमनंट झालात. वर्षभर उशीर झाला असता तर जुन्या पेन्शनमध्येसुद्धा बसला नसतात. कलकत्त्याला जाऊन काय दिवे लागले असते, कुणी पाहिलंय?"

विक्रांतनं बायकोकडं पाहिलं. मीही पाहिलं. माझी इतक्या वर्षांची मैत्रीण, रोजचं विरजण एकमेकींकडचं, आणि त्या क्षणी मला ती ओळखीची वाटेना. नवऱ्याचा पाय आणि पेन्शन तिनं एका तराजूत टाकून केव्हाच तोलून ठेवलं होतं, आणि पेन्शनचं पारडं तिला जड वाटलं होतं.

विक्रांत पुन्हा बाळदादांकडं वळला. आवाज अजूनही चढलेला नव्हता. "मैत्रेयीच्या गुडघ्याला डॉक्टर काय म्हणाले?"

बाळदादांनी मैत्रेयीकडं पाहिलं, आणि तिथंच सगळं कळलं.

"बाबा, मला माहितीये," मैत्रेयी म्हणाली. "डॉक्टर माझ्यासमोरच बोलले. थोडंसं फाटलंय, पूरा नहीं. रेस्ट करायला सांगितलीये. पण सिलेक्शन आहे ना यार! मीच काकांना म्हटलं, बाबांना नका सांगू."

"का?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"आईला माहितीये?"

मैत्रेयीनं ओठ चावला. नीला वाटीतली बटाट्याची भाजी चमच्यानं ढवळत राहिली, जशी काही ती उतू जाणार होती.

"बाबा, तुम्हीच तर सांगता ना सगळ्यांना," पोरगी आता रडकुंडीला आली होती. "लास्ट टेन मिनिट्स, एका पायावर! मी लहानपणापासून ऐकतेय. मग मी खेळले तर बिल्कुल चूक, असं कसं?"

ती गोष्ट त्यानंच तिला भरवली होती, घासाघासानं, आणि ती गोष्ट खोटी होती हे त्याला पंधरा मिनिटांपूर्वी कळलं होतं, तेही टाळ्यांच्या गजरात. तो न जेवता बाहेर जाऊन चपला शोधत उभा राहिला.

घरी गेल्यावर मी फोन केला. "तुम्ही बाप आहात. अडवा तिला."

"कसा अडवू, वहिनी? तिला डॉक्टरांनी सांगितलंय. ती समजून उतरतेय. मला जे मिळालं नाही ते तिला मिळालंय." मग म्हणाला, "मला फक्त एकदा त्या डॉक्टरांशी बोलायचंय. सोमवारी मी तिच्याबरोबर जाणार. एकदा तरी आत बसून, माझ्या कानांनी ऐकणार. रजा नाही दिली तर नाही दिली."

मला वाटलं होतं, तो चिडेल, बाळदादांना काहीबाही बोलेल, निदान घरात ताट तरी आपटेल. एवढं सगळं होऊन या माणसानं मागितलं काय, तर दवाखान्यात आत बसायला जागा.

रविवारी मी मुद्दाम गेले. मैत्रेयी गुडघ्याला पट्टी आवळून उतरली. विक्रांत रेषेबाहेर उभा, हात मागं बांधून. बाळदादांशी बोलला नाही, त्यांच्याकडं पाहिलंही नाही. पोरगी खेळली मात्र सुरेख, खोटं कशाला बोलू. प्रत्येक वेळी ती वळली की मी तिच्या गुडघ्याकडं बघायचे, पण ती पडली नाही. दुसऱ्या हाफमध्ये तिच्याच पासवर गोल झाला. मॅच जिंकली. थोड्या वेळानं निवड झालेल्यांची नावं वाचली, त्यात मैत्रेयी सरनाईक होती. नीला रडली. सगळे बाळदादांना मिठ्या मारायला लागले, आणि बाळदादा माझ्याकडं बघून असे हसले, की काय, म्हटलं नव्हतं? मला सांगा, यानंतर विक्रांतनं कुणाकडं तक्रार करायची? पोरगी निवडली गेली होती. कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

मुली एकेक करून बाळदादांच्या पाया पडत होत्या. मैत्रेयी आली. तिनं उजवा पाय ताठ मागं नेला, शेजारच्या मुलीच्या खांद्याला धरलं आणि कमरेतूनच वाकली. बोटं पावलांपर्यंत पोहोचेनात, तेव्हा बाळदादांनीच तिला वर उचललं. "जीती रहो, शेरनी!" फोटो निघाले. गुडघा वाकत नाही, हे त्या गर्दीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. विक्रांतच्या आलं. त्याचा चेहरा मी पाहिला आणि मग माझ्या आलं.

तो गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेला. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आधी शाब्बास म्हणाला. मग म्हणाला, "उद्या डॉक्टरकडं मी येतोय. आत येतो, तुझ्याबरोबर बसतो."

मैत्रेयीनं त्याच्या कमरेला मिठी मारली. घामानं निथळत होती, आनंदानं नुसती फुलली होती, आणि बापावर तिचा जीव आहे याबद्दल मला आजही शंका नाही.

"तुम्ही कशाला, बाबा? तुमचं सेशन चालू आहे, उगीच सुट्टीची झंझट," ती लाडानं म्हणाली. "काका येतायत ना माझ्याबरोबर. तुम्ही टेन्शन मत लो, काका फोन करतील तुम्हाला."

आणि बाळदादांच्या खांद्याचा आधार घेत ती त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. पाय लांब करायला तिथंच जागा होती.